फ्रिजमधलं हळकुंड

बाणस्तारीच्या गुरुवारच्या बाजारात मी रोपं विकतो.
मिरीच्या वेली, बिंबली, पिशवीत उगवलेला फणस.
दिवाडीची लुर्दीन दरवर्षी हळद न्यायची,
पंधरा ऑगस्टला पातोळ्यांना पानं हवीत म्हणून.
लग्नानंतर एकदा आली, म्हणाली, मामा,
मी चालले तिकडं टिकेल असं एक दे.

जसं काही मला तिकडचं ठाऊक होतं.

दोन डोळ्यांचं हळकुंड निवडलं.
तिनं ते नवऱ्याच्या मोज्यात सारलं, मोजा बुटात,
बूट बॅगेत.
बाकी विमानानं केलं.

ऑक्टोबरात फोन. पडद्यावर न्हाणीघर,
न्हाणीघरात कुंडी, कुंडीला स्वेटर.
हिवाळ्यात इथं चारलाच काळोख होतो, म्हणाली.
वर निळसर दिवा टांगलेला.
"मामा, पानां हळदुवीं जाल्यांत."
मी म्हटलं, ऊब दे. पाणी घाल.
रोज घाल.
घातलं तिनं. नाताळापर्यंत ते कुजलं.
बोटांचा वास दोन दिवस गेला नाही, एवढं सांगितलं
आणि नवऱ्याच्या नोकरीचं बोलू लागली.

मग मी जे केलं ते कामिनीनं अजून माफ केलेलं नाही.
एक हळकुंड धुऊन, कागदात गुंडाळून
फ्रिजमध्ये ठेवलं, सोलकढीच्या पातेल्यामागं.
थंडी मला कशी कळणार?
माझ्या लेखी बर्फ म्हणजे इसवणाखालचा भुगा,
आणि थंडी म्हणजे पौषातल्या चार-आठ पहाटा,
सायकलवरचा पोदेर कानाला मफलर बांधतो त्या.
रात्री साडेनऊला दार उघडून हात आत धरायचो.
शंभर आकडे मोजेपर्यंत
बोटं आपली वाटेनाशी व्हायची.
तिकडं आता चार वाजले, मी म्हणायचो.
"कोण बसलंय आत?" कामिनी विचारायची.

माघात वाफा खणायला घेतला.
पानं भुईला चिकटलेली, तपकिरी,
खिशात धुतल्या गेलेल्या पावत्यांसारखी.
चाळीस वर्षं बघतोय. दिवाळीनंतर पिवळी पडतात,
आडवी होतात, मी वरून चालत जातो.
एकदाही म्हटलं नाही की मेली.
एकदाही पाणी दिलं नाही.
कुदळ हातात तशीच राहिली.
म्हणजे थंडीचा प्रश्न नव्हता, निदान तेवढा नव्हता.
हळद झोपायला निघाली होती
आणि आम्ही दोघं मिळून तिला हलवून हलवून उठवत होतो.

लुर्दीनच्या आईबरोबर दुसरं पाठवलं. या वेळी सांगितलं:
पिवळं पडलं की हात काढ.
न्हाणीघर नको, स्वेटर नको.
कोरडं कपाटात ठेव, जोड्यांशेजारी,
आणि मे येईपर्यंत विसर.
विसरायला जमतं का, मामा?
ते मला विचारू नको. मी रोपं विकतो.

फ्रिजमधलं काढलं तेव्हा सुरकुतलेलं,
एका अंगानं काळं. काळं कापून उरलेलं पुरलं.
आषाढ अर्धा सरला, सगळ्यांच्या मागून
एक सुरळी वर आली, करंगळीएवढी.
कामिनी तिच्याकडे बघत नाही.
पण केर टाकायला वळसा घालून जाते.

यंदा पंधरा ऑगस्टला फोटो आला.
तीन पानं. एक खिडकीच्या काचेला टेकून करपलेलं.
माणसं सहा. पानं आडवी कापली,
पातोळ्या अर्ध्या तळहाताएवढ्या.
मी फोटो बोटांनी ताणून ताणून पाहिला.
साधं पातेलं, वर चाळण,
वाफ कॅमेऱ्याच्या काचेवर बसलेली,
त्यामुळं पुढचं नीट दिसत नाही.